गाल भरून घेण्यापूर्वी

प्रश्न : मी 53 वर्षांची असून नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते आणि शाळेत शिकवते. मला मधुमेह आहे. गेल्या वर्षभरात डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाने आणि रोजच्या चालण्याने माझे वजन 81 किलोवरून 66 किलोवर आले. साखर आटोक्यात आली, गुडघे हलके झाले, पण चेहरा पार उतरला. गाल आत गेले, डोळ्यांखाली खळगे पडले, नाकापासून ओठांपर्यंतच्या रेषा खोल झाल्या. जो भेटतो तो ‘तब्येत बरी नाही का’ असेच विचारतो. डिसेंबरमध्ये मुलीचे लग्न आहे. सीताबर्डीवरील माझ्या ओळखीच्या पार्लरमध्ये बाहेरून एक मॅडम येऊन फिलर (खोल गेलेला भाग भरण्यासाठी त्वचेखाली टोचायचा पदार्थ) देतात. त्यांनी एका सिरिंजचे 8,000 रुपये सांगितले आणि दोघींनी मिळून एक घेतली तर निम्मे पडतील असेही म्हणाल्या. रामदासपेठेतील एका त्वचारोगतज्ज्ञांच्या मते तीन ते चार सिरिंज लागतील आणि खर्च लाखाच्या घरात जाईल. मैत्रीण म्हणते, दर वर्षी पैसे घालण्यापेक्षा कायमचे फिलर घे. मी हृदयविकारतज्ज्ञांनी दिलेली ॲस्पिरिनची गोळी रोज घेते. वरच्या दोन दाढा काढलेल्या आहेत, तिथे इम्प्लांट बसवायचे राहिले आहे. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे फिलर कशापासून बनते ही शंकाही आहे. यजमानांना हे मुळीच पसंत नाही, म्हणून त्यांना न सांगताच करून घ्यावे असे मनात आहे. कोणते फिलर निवडू? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर :

ताई,

‘कोणते फिलर निवडू’ याचे उत्तर मी देणार आहेच, परंतु त्याआधी जे तपशील तुम्ही ओघात लिहून गेलात, त्या प्रत्येकाचा या निवडीशी संबंध आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवते. पहिल्यांदा फिलर घेणाऱ्या व्यक्तीने जे विरघळवून काढता येते तेच घ्यावे, आणि ते विरघळवण्याची तयारी व कौशल्य ज्यांच्याकडे आहे अशाच डॉक्टरांच्या हातून घ्यावे. किंमत, टिकाऊपणा आणि ब्रँड हे प्रश्न त्यानंतर येतात.

तुमच्या चेहऱ्याचे काय झाले आहे ते आधी पाहू. चेहऱ्यावरची चरबी सलग थरासारखी पसरलेली नसते; ती लहानमोठ्या कप्प्यांत असते, काही कप्पे त्वचेच्या लगेच खाली आणि काही स्नायूंच्या खाली, हाडाला टेकून. वय वाढते तसे खोल कप्पे आक्रसतात, गालाच्या व डोळ्याच्या खोबणीच्या हाडाचीही थोडी झीज होते, आणि वरची त्वचा मात्र आधीच्याच मापाची राहते. गादीतला कापूस दबला की खोळ सैल पडते, तसाच हा प्रकार आहे. एरवी ही गोष्ट दहा-पंधरा वर्षांत सावकाश घडते. तुमच्या बाबतीत वजन झपाट्याने उतरल्यामुळे ती एका वर्षात डोळ्यांत भरली. औषध निवडून चेहऱ्यावरचीच चरबी खाते, असा जो समज हल्ली पसरला आहे तो चुकीचा आहे. अंगावरची चरबी वेगाने कमी झाली की चेहऱ्यावरचीही होते, एवढेच. म्हणून चेहऱ्यासाठी मधुमेहाचे औषध बंद करण्याचा विचार कृपया मनातही आणू नका.

तुमच्या वजनाचा हिशेब सरळ आहे, पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक वाक्य जास्तीचे लिहिते. काही न करता वजन उतरत असेल, किंवा चेहऱ्याची एकच बाजू आत जात असेल, तर आधी निदान करून घ्यावे. थायरॉईडचा विकार, अनियंत्रित मधुमेह, क्षयरोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. आणि आपल्या विदर्भात तर गाल आत गेलेल्या व्यक्तीचे तोंड उघडून पाहिल्याशिवाय फिलरचे नावच काढू नये असे माझे मत आहे. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणि सुपारी यांमुळे गालाच्या आतील अस्तर कडक होत जाते, तोंड पूर्वीइतके उघडत नाही, तिखट लागले की आग होते आणि गाल बसलेले दिसतात. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, त्यावर बाहेरून गाल भरून घेणे म्हणजे रोग झाकून ठेवणे होय. घरात कुणालाही न सांगता खर्रा खाणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. तुमच्याबद्दल असे सुचवायचे नाही. ज्यांच्यासाठी लिहिले आहे त्यांना ते कळेल.

तुमच्या दाढांचा मुद्दा तुम्हाला किरकोळ वाटला असावा, मला तो महत्त्वाचा वाटतो. दात काढल्यावर त्या जागचे जबड्याचे हाड हळूहळू झिजते आणि गालाला आतून मिळणारा आधार कमी होतो. त्याशिवाय, दातांच्या कामात तोंडातील जंतू काही काळ रक्तात उतरतात, आणि नव्याने घातलेल्या फिलरपाशी ते जाऊन बसले तर महिन्यांनंतरही गाठ किंवा सूज उद्भवू शकते. म्हणूनच दातांचे मोठे काम आणि फिलर यांत निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात. इम्प्लांटसारख्या शस्त्रक्रियेनंतर हिरडी पूर्ण भरेपर्यंत थांबलेले बरे. आधी दात, मग गाल, हा क्रम तुम्ही पक्का धरा. वजनाचेही असेच आहे. ते अजून उतरत असेल तर आज भरलेला गाल चार महिन्यांनी पुन्हा उणा पडेल. तीन-चार महिने वजन एका ठिकाणी ठरले, की मोजमाप घेण्यात अर्थ असतो.

आता फिलरविषयी. सर्वांत जास्त वापरले जाणारे फिलर म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडचे जेल. नावात ॲसिड असले तरी तो जाळणारा पदार्थ नाही. पाणी धरून ठेवणारी ही एक प्रकारची शर्करा आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असते. त्वचेतील नैसर्गिक हायल्युरॉनिक ॲसिड एक-दोन दिवसांत मोडते आणि नवे तयार होते, त्यामुळे ते जसेच्या तसे टोचले तर आठवडाभरही टिकणार नाही. म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना बांधतात आणि त्याचे जेल करतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणे यांना मान्यता देणाऱ्या तेथील सरकारी संस्थेने) असे पहिले जेल डिसेंबर 2003 मध्ये चेहऱ्यावरील घड्यांसाठी मान्य केले, आणि खास गालाचा भराव परत आणण्यासाठीच्या जेलला 2013 मध्ये मान्यता दिली. जागा आणि जेल यांनुसार ते साधारण सहा महिने ते दीड-दोन वर्षे टिकते. (हेच नाव लिहिलेली क्रीम आणि सीरम बाजारात भरपूर आहेत. त्यांनी त्वचेला ओलावा मिळतो, गाल भरत नाहीत.)

तुमच्या शाकाहाराच्या शंकेचे उत्तर येथेच देते. पूर्वी काही जेले कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत असत. आजची प्रचलित हायल्युरॉनिक ॲसिड फिलर जीवाणूंच्या साहाय्याने किण्वनातून तयार होतात, त्यांत प्राण्यांच्या अवयवांचा संबंध नसतो. परंतु ते विरघळवण्यासाठी जे हायल्युरॉनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) वापरतात, ते बऱ्याचदा मेंढी किंवा गोवंशाच्या ऊतींपासून काढलेले असते. आणीबाणीच्या क्षणी हा प्रश्न मनात येऊन हात मागे घेतला जाऊ नये, म्हणून तुमचा निर्णय आधीच करून ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर पूर्वी अंगावर मोठी रिॲक्शन आली असेल तर तेही सांगा, कारण अशा व्यक्तींना या विकराची ॲलर्जी असण्याची शक्यता अधिक असते.

हे विकरच हायल्युरॉनिक ॲसिडचे सर्वांत मोठे बळ आहे. गाल वाकडा भरला गेला, गाठ राहिली, जेल डोळ्याखाली निळसर दिसू लागले किंवा रक्तवाहिनी अडली, तर हे विकर टोचून जेल विरघळवता येते, आणि बरेचदा त्याचा परिणाम काही तासांत दिसू लागतो. नेत्रशस्त्रक्रियेत भूल देताना ते कित्येक वर्षे वापरात आहे. त्यामुळे नागपुरात ते मिळत नाही, ही सबब कुणी सांगितली तर मान्य करू नका.

याच जातीच्या जेलांत घट्ट आणि मऊ असे प्रकार असतात, आणि तुमच्यासारख्या चेहऱ्यात खरी निवड येथे करावी लागते. गालाच्या हाडावर, कानशिलावर किंवा हनुवटीवर आधार द्यायचा असेल तर दाब सहन करणारे घट्ट जेल हाडाला लागून खोल ठेवतात. ओठ किंवा डोळ्याखालची पातळ त्वचा येथे ते चालत नाही, तेथे मऊ आणि कमी पाणी ओढणारे जेल लागते. ‘संपूर्ण चेहऱ्याला एकच चांगले फिलर’ असे जे सांगतील त्यांना हा फरक ठाऊक नाही, किंवा त्यांच्याकडे एकच माल शिल्लक आहे. दुसरे असे, की तुम्हाला खुपते आहे ती नाकापासून ओठापर्यंतची रेष, पण ती खोल दिसते ती वरचा गाल खाली आल्यामुळे. रेषेतच जेल भरत गेले तर तोंडाभोवतीचा भाग जड होतो आणि माणूस माकडतोंड्या दिसू लागतो. चांगला डॉक्टर आधी गालाच्या बाहेरच्या व मधल्या भागाला आधार देतो, दोन-तीन आठवडे थांबतो, आणि मग रेषेत काही उरले आहे का ते पाहतो. डोळ्यांखालचे खळगेही गाल सावरल्यावर थोडे उणे होतात. ती जागा अत्यंत नाजूक आहे. तेथे जेल जास्त झाले किंवा वर राहिले तर सूज व निळसर छटा महिनोन्‌महिने जात नाही. पहिल्या बैठकीत डोळ्यांखाली काहीही घालू नये, असे मी तुम्हाला सुचवेन.

तीन-चार सिरिंजचा आकडा ऐकून तुम्ही दचकला आहात. एक सिरिंज म्हणजे बहुधा एक मिलिलीटर, आणि चहाचा चमचा पाच मिलिलीटरचा असतो. म्हणजे चार सिरिंज मिळूनही चमचाभर होत नाही. पंधरा किलो उतरलेल्या चेहऱ्यासाठी हा अंदाज अवाजवी नाही. तरीही तो सगळा एका दिवशी घालून घेण्याचे कारण नाही. पहिल्या बैठकीत निम्मे, आणि चार आठवड्यांनी आरशात, फोटोत व घरच्यांच्या चेहऱ्यावर पाहून उरलेले घ्यावे की नको ते ठरवावे. फुगलेल्या, उशीसारख्या चेहऱ्याची जी उदाहरणे टीव्हीवर दिसतात ती बहुतेक वेळा वारंवार थोडे थोडे वाढवत गेल्याची असतात. जेल पूर्ण संपले असे समजून दर वर्षी ठरल्याप्रमाणे पुन्हा भरणे योग्य नाही, कारण एमआरआय तपासण्यांत ते अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक काळ ऊतींत राहिलेले दिसले आहे.

दुसरे दोन पदार्थ तुमच्या कानांवर येतील. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइट हे हाडांतील खनिजाशी मिळतेजुळते कण असलेले फिलर. ते लगेच भरते आणि शिवाय त्वचेला कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) तयार करायला लावते. पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिड हे तर भरत नाहीच, त्याचे कण महिन्यामहिन्याच्या अंतराने दोन-तीन वेळा टोचतात आणि शरीर त्यांच्याभोवती स्वतःचे कोलॅजन घडवते. परिणाम काही महिन्यांत दिसतो आणि दोन वर्षांपर्यंत राहतो. या दुसऱ्या पदार्थाला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली ती एचआयव्हीबाधितांच्या खोल गेलेल्या गालांसाठी. तोपर्यंत रस्त्यावरून चालताना केवळ गालांवरून आजार ओळखला जाईल ही भीती त्या रुग्णांच्या मनात असे. फिलर म्हणजे निव्वळ नखरा असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे. दोन्ही पदार्थ योग्य हातांत उत्तम आहेत. पण हायल्युरॉनिडेजने ते विरघळत नाहीत, गाठी झाल्या तर उपचार लांबतो, म्हणून पहिल्या वेळेसाठी मी ते सुचवत नाही. आणि लॅक्टिक ॲसिडचा परिणाम डिसेंबरपर्यंत पूर्ण दिसण्याइतका अवधी दातांचे काम धरता तुमच्याकडे उरतही नाही.

मैत्रिणीच्या ‘कायमच्या’ फिलरला माझा स्पष्ट नकार आहे. चेहरा कायमचा नसतो. तुमचे वजन बदलेल, हाड झिजेल, त्वचा सैल होईल, आणि आज बरोबर बसलेला न विरघळणारा पदार्थ दहा वर्षांनी चुकीच्या जागी उठून दिसेल. या हौसेला मोठा इतिहास आहे. 1899 मध्ये व्हिएन्नाचे शल्यचिकित्सक रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचण्याचा प्रयोग केला, पुढील काही वर्षांत युरोप-अमेरिकेत तो फोफावला, आणि मग कडक गाठी, जखमा, सरकलेले मेण यांच्या कहाण्या सुरू झाल्या. त्यानंतर द्रवरूप सिलिकॉनने तेच केले. शरीराला आकार देण्यासाठी ते टोचण्यास अमेरिकेची एफडीए आजही मान्यता देत नाही. प्लास्टिकसारख्या सूक्ष्म मण्यांचे कायमस्वरूपी फिलर मान्यताप्राप्त असले, तरी त्यातून झालेली गाठ बहुधा कापूनच काढावी लागते.

स्वतःच्या पोटावरची किंवा मांडीवरची चरबी गालात भरण्याचा पर्यायही आहे. ते प्लास्टिक सर्जनचे, शस्त्रक्रियागृहातले काम आहे. भरलेल्या चरबीपैकी किती टिकेल हे आधी सांगता येत नाही आणि वजनाबरोबर ती वाढते-घटते. वजन ठरले, पुढे कधी त्वचा ओढून घेण्याची शस्त्रक्रिया करावीशी वाटली, तर त्या वेळी याचा विचार व्हावा. आज नको.

धोक्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे माझे कर्तव्य आहे, कारण पार्लरमधील कुणीही तुम्हाला हे सांगणार नाही. दोन-चार दिवस सूज, दुखरेपणा, काळेनिळे डाग हे सर्वसाधारण आहे; आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर डागाची काळसर छटा काही आठवडे रेंगाळू शकते. गंभीर प्रकार दुर्मीळ, पण तो समजून घेतलाच पाहिजे. सुईचे टोक रक्तवाहिनीत गेले आणि जेल तिच्यात शिरले, तर त्या वाहिनीवर पोसलेली त्वचा उपाशी पडते आणि वेळेत उपचार न झाल्यास मरते. चेहऱ्यावरील रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. जेल उलट दिशेने ढकलले जाऊन डोळ्याच्या धमनीत पोचले तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. भुवयांच्या मधला भाग, नाक आणि कपाळ या जागा त्या दृष्टीने सर्वांत जोखमीच्या आहेत; गाल आणि नाकाजवळची रेषही पूर्णपणे निर्धोक नाही. बोथट टोकाची कॅन्युला (सुईऐवजी वापरायची बारीक नळी) वापरणे, अत्यंत सावकाश व थोडे थोडे घालणे, रुग्णाशी सतत बोलत राहणे यांनी धोका घटतो, शून्य होत नाही. टोचताना किंवा नंतर असह्य वेदना, त्वचा पांढरी पडणे, जाळीसारखे जांभळट चट्टे उमटणे, दिसण्यात कोणताही फरक, यांपैकी काहीही झाले तर वेदनाशामक घेऊन झोपून जायचे नाही. रात्री दोन वाजले असले तरी त्या डॉक्टरांना फोन करायचा, आणि डोळ्याचा प्रश्न असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे. डोळ्याच्या बाबतीत हिशेब मिनिटांचा असतो.

हे वाचल्यावर पार्लरच्या मॅडमविषयी वेगळे सांगण्याची गरज उरू नये, तरी सांगते. त्या कोण आहेत, त्यांची पदवी कोणती, रक्तवाहिनी अडली तर रात्री त्या कुठे सापडतील, हे तुम्हाला ठाऊक नाही. दोघींत एक सिरिंज हा प्रकार तर ऐकूनच अंगावर काटा येतो. सिरिंज एका व्यक्तीची असते; उरलेले जेल दुसऱ्या व्यक्तीला टोचणे म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या कावीळ आणि एचआयव्ही यांसारख्या रोगांना वाट करून देणे होय. सुईविना जोराने जेल मारणारे पेन काही ठिकाणी दाखवतात, त्याविषयीही अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये सावधगिरीचा इशारा दिलेला आहे. आणि 8,000 रुपयांत खरे, परवानाधारक माध्यमातून आलेले जेल मिळणे मला तरी अवघड वाटते.

फिलर आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम, 2017 यांच्या कक्षेत येते. तेव्हा खोके तुमच्यासमोर उघडले गेले पाहिजे, त्याचे सील शाबूत हवे, त्यावर आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली हवी, आणि सिरिंजवरचा स्टिकर तुमच्या फाइलमध्ये लावून त्याची एक प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. पाच वर्षांनी दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला तुमच्या गालात काय आहे हे कळण्याचा तेवढाच खात्रीचा मार्ग आहे. डॉक्टर त्वचारोगाचे एम.डी. किंवा प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. अथवा समकक्ष असावेत आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदणी असावी. दारावरच्या पाटीवर केवळ ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलेले असेल तर पदवी विचारण्यात संकोच करू नका. रामदासपेठेतील डॉक्टरांना तुम्ही निःसंकोच विचारा, की हायल्युरॉनिडेज आत्ता फ्रीजमध्ये आहे का, ते तुम्ही स्वतः कधी वापरले आहे का, आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. ज्यांना येतो त्यांच्याकडून उठून या. दुसरे मत हवे असेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. रांगेत वेळ जाईल, पण ज्यांना तुम्हाला काही विकायचे नाही अशा डॉक्टरांचे मत तेथे मिळेल.

ॲस्पिरिनची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. ती चालू असताना काळेनिळे डाग जास्त पडतील, हे मान्य करून पुढे जायचे. काही बदल करायचाच असेल तर तो हृदयविकारतज्ज्ञ सांगतील. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांच्या कॅप्सूल दुकानातून आणून स्वतःहून घेत असाल तर त्या मात्र डॉक्टरांना सांगून आठवडाभर आधी थांबवता येतात. मधुमेहामुळे फिलर वर्ज्य होत नाही, पण गेल्या तीन महिन्यांची साखर दाखवणारा अहवाल सोबत न्या, कारण साखर चढलेली असताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ओठांवर नागीण-पुरळ येण्याची सवय, सांधेदुखीचा किंवा अन्य स्वयंप्रतिकार आजार, भुलीच्या औषधाची ॲलर्जी यांपैकी काही असेल तर तेही लपवू नका.

लग्नाचे वेळापत्रक उलट्या क्रमाने मांडा. लग्नाआधीचे चार आठवडे चेहऱ्यावर कुणाचीही सुई नको. त्यामुळे दुसरी बैठक, ती लागलीच तर, तुळशीच्या लग्नाआधी उरकलेली हवी, आणि पहिली त्याच्या महिनाभर आधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास. हे गणित दातांचे काम आणि वजनाचे ठरणे यांत बसले नाही, तर लग्नापूर्वी फिलर घेऊच नका. संक्रांतीनंतर निवांतपणे घ्या. लग्नाची तारीख गाठायची म्हणून घाईघाईने एका बैठकीत चार सिरिंज घेणे हा सगळ्या पर्यायांतला वाईट पर्याय आहे. ऑक्टोबरात आपल्याकडचे ऊन पुन्हा तापते, तेव्हा फिलरनंतरचे दोन दिवस दुपारी बाहेर पडणे, वाफ घेणे आणि जोराचा व्यायाम टाळा, पहिल्या दिवशी मेकअप लावू नका, आणि पुढील दोन आठवडे पार्लरचे फेशियल व चेहऱ्याचा मसाज पूर्ण बंद ठेवा. लग्नाआधी नातेवाईक बायका हौसेने उटणे घेऊन बसतात, त्यांनाही चेहरा रगडू देऊ नका.

यजमानांविषयी. चेहरा तुमचा, कमाई तुमची, आणि या वयात हे कशाला असे म्हणण्याचा अधिकार त्यांना किंवा मला नाही. त्यांची परवानगी घ्या असे मी म्हणत नाही. त्यांना ठाऊक असू द्या एवढेच म्हणते. वर सांगितलेली लक्षणे मध्यरात्री दिसली, तर गाडी काढून तुम्हाला नेणाऱ्या माणसाला काय झाले आहे ते माहीत हवे. त्यांना सांगणे अगदीच अशक्य असेल तर मुलीला सांगा, आणि त्या रात्री ती घरी असेल असा दिवस निवडा.

शेवटी, फिलरकडून काय मिळणार नाही ते. गालाचा आधार परत येईल, थकलेला दिसणारा चेहरा ताजा दिसेल; पण हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला लोंबणारी सैल त्वचा जेलने वर उचलली जात नाही, आणि तसा प्रयत्न केला की चेहरा जड होतो. वांग, डाग, त्वचेचा खडबडीतपणा यांना सनस्क्रीन आणि वेगळे उपचार लागतात. जेवणातील प्रथिने वजन उतरवताना कमी झाली असतील तर ती डाळी, पनीर, दही यांतून भरून काढा; गालात चरबी परत येणार नाही, पण स्नायू आणि त्वचा दोन्ही सावरतील, आणि त्याला कुणाची सिरिंज लागत नाही.

दंतवैद्यांची वेळ याच आठवड्यात घ्या आणि इम्प्लांटनंतर हिरडी भरायला किती दिवस लागतील ते त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. तो कागद, साखरेचा अहवाल, चालू औषधांची यादी आणि तीन-चार वर्षांपूर्वीचा, वजन जास्त असतानाचा एक स्पष्ट फोटो घेऊनच रामदासपेठेत जा. फोटो नट्यांचा नको, तुमचाच हवा. डॉक्टरांना कुठला भाग किती उणा झाला आहे ते त्यावरूनच कळेल.